बाईसोबत बाई

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. अंगणात तीन विटांची चूल धडधडते आहे आणि तिच्यावरच्या मोठ्या गंजात पाणी उकळतं आहे. एप्रिलचा तिसरा रविवार. विदर्भातलं एक तालुक्याचं गाव. नऊ वाजल्यानंतर इथे उघड्यावर हात पोळतो, म्हणून कुरड्यांचा चीक अंधारातच शिजवून घ्यायचा. काकू पाण्यात मीठ टाकतात, चिमूटभर हिंग टाकतात आणि मान हलवून खूण करतात. आशाताई बादलीतला चीक एका धारेने गंजात सोडू लागते. तिसरी बाई लाकडी दांड्याने ढवळते. हात जरा थबकला की गुठळी झालीच, आणि गुठळी झाली की साच्यातून तार निघत नाही.

"बोल वं, बोल," काकू तिला म्हणतात. "पण हात थांबवू नको."

गहू बुधवारी भिजत घातला होता. रोज पाणी बदललं, शनिवारी वाटला, पिळून कोंडा वेगळा केला आणि रात्रभर चीक खाली बसू दिला. आताच वरचं पिवळसर पाणी ओतून टाकलं आहे. २० किलो गहू आहे आजचा, म्हणजे सात-आठ किलो कुरड्या. इकडे त्यांना कुरोड्या म्हणतात. या उन्हाळ्यातला हा तिसरा घाणा.

इथे चौदा बायका आहेत. बहुतेक जणी कुठल्या ना कुठल्या बचत गटात आहेत, पण हा घाणा बचत गटाचा नव्हे. याला नाव नाही, फलक नाही, अध्यक्ष-सचिव नाहीत. काकूंच्या फडताळात एक जुना डालड्याचा डबा आहे, त्याच्या झाकणाला चीर पाडलेली आहे. कुरड्यांचे, पापडांचे, मूगवड्यांचे पैसे त्यात पडतात. ज्या बाईवर किंवा मुलीवर बलात्कार झाला आहे आणि जिची केस उभी आहे, तिला कोर्टाच्या तारखेला घेऊन जायला त्यातून पैसे निघतात. बस एवढंच. विकायच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. काकूंची नात ती सुवाच्य अक्षरात लिहिते आणि झेरॉक्स काढून आणते: 'या पैशातून तारखेला बाईसोबत बाई जाते.'

मी त्या चिठ्ठीमुळे इथे आले. गेल्या वर्षी नागपुरात एका ओळखीच्या घरी कुरड्यांचं पाकीट फोडलं, त्यातून ती खाली पडली. 

चीक पारदर्शक होत येतो, दांड्याला जड लागतो. काकू बोट पाण्यात बुडवून चिकाला लावतात. चिकटत नाही, म्हणजे शिजला. पहिली वाटी पाहुणीला. वर साखर, साखरेवर तुपाची धार. जीभ भाजते इतका गरम, आणि तरी थांबवत नाही.

*

घराच्या स्लॅबवर जुन्या साड्या आणि प्लॅस्टिकचे कागद अंथरले आहेत, चारी कोपऱ्यांवर विटा. पूर्व जेमतेम उजळली आहे. चार साचे आहेत, तेव्हा चौघी दाबतात आणि बाकीच्या चीक भरून देतात. साचा फिरला की तार खाली उतरते, वेटोळं होतं, एक कुरडई. मग पुढची. सगळ्यांचे डोळे खाली आहेत, कोणी कोणाकडे बघत नाही. बघायला फुरसत नाही. गरम आहे तोवरच चीक साच्यातून उतरतो.

बोलणं इथूनच सुरू होतं. माझ्या आजीच्या पिढीने मनातलं सगळं जात्यापाशी सांगितलं, कारण तिथेही हात गुंतलेले असत आणि अंधार असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गावोगाव फिरून त्या ओव्या हजारोंनी जमवल्या, म्हणून आपल्याला त्या बायका काय बोलत होत्या ते कळलं. जातं गेलं. हा स्लॅब आहे.

इथला नियम काकूंनी मला रात्रीच सांगितला आहे. "सांगितलं त ऐकाचं. इचाराचं नाही." वही काढायची तर आधी विचारून. फोटो नाही, मागूनसुद्धा नाही.

माझ्या शेजारी साचा दाबणारीचं नाव मला माहीत आहे. ते इथे येणार नाही. तिला 'ती' म्हणते. तिची केस चालू आहे, तिची साक्ष झाली आहे, आणि आज ती या डब्यासाठी राबायला आली आहे. मध्येच कोणीतरी पाकिटांच्या पिशव्यांचा विषय काढतं. त्या कापडी पिशव्या तीच शिवते. तिच्या टाक्याची तारीफ होते. ती साचा फिरवत राहते आणि मान वर न करता बोलायला लागते.

"कोर्टात तो पुडा फोडला ना. लाखेचं सील होतं त्याले. आतून माही सलवार काढली. तीन वर्षानं पाह्यली मी. सरकारी वकील म्हणे, ओळखता का? काय सांगू? रंग उडून गेला होता, डाग काळे पडले होते. मले वाटे, हे माही नसंल त बरं. मंग खालची पट्टी दिसली. पायाशी उसवली होती, ते मीच शिवली होती घरी. हिरवा दोरा नव्हता, त निळ्यानं शिवली. मी म्हटलं, हा टाका माहा आहे."

एक वेटोळं पूर्ण होतं. ती तार बोटाने तोडते.

"समोरचा वकील म्हणे, बाई, असा टाका कोनीबी मारते. मी म्हटलं, साहेब, तुम्हाले तुमची सही ओळखू येते का नाही? तसा मले माहा टाका ओळखू येते. जजसाहेबानं ते लिहून घ्याले लावलं."

स्लॅबवर कोणी हसत नाही, कोणी 'शाब्बास' म्हणत नाही. साचे फिरत राहतात. थोड्या वेळाने आशाताई तिच्यासमोर चिकाचं भांडं सरकवते आणि ते सरकवताना तिच्या पाठीवरून हात फिरवते.

त्या रात्री काय झालं हे तिने सांगितलं नाही. ते तिने आईला सांगितलं, मग आत्याला, पोलीस ठाण्यात दोनदा, दवाखान्यात, मॅजिस्ट्रेटपुढे आणि शेवटी साक्षीत. दर वेळी दुसऱ्याने विचारलं म्हणून, दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमाने. इथे ती सलवारीच्या पट्टीपासून सुरुवात करते. पीडितेची कहाणी ऐकायला जमणाऱ्या माणसांना बहुधा नेमकी ती रात्र हवी असते. मीही वर्तमानपत्रात काम करताना तेच मागायला शिकले होते. सुरुवात कुठून करायची हे सांगणारीने ठरवावं, हे मला या स्लॅबवर कळतं आहे, आणि ते फार उशिरा कळतं आहे याची मला लाज वाटते.

*

सूर्य येतो. दुसरा गंज वर येतो. आता सिस्टर बोलतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण गावात त्यांना नाव नाही, सिस्टरच. १९८० मध्ये त्या नागपुरात नर्सिंग शिकत होत्या.

"मथुरा म्हणजे कोण, हे या पोरींना माहीत नाही," त्या माझ्याकडे वळून म्हणतात. मग पोरींना सांगतात. १९७२ चा मार्च, देसाईगंजचं पोलीस ठाणं, इथून काही फार लांब नाही. मजुरी करणारी आदिवासी मुलगी, आणि ठाण्यातलेच दोन पोलीस. खालच्या कोर्टात सुटले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, असा तो निकाल. मग १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. नागपुरात सीमाताई साखरेंनी प्रकरण लावून धरलं. शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या.

"त्याच्यानंतर १९८३ ला कायदा बदलला," सिस्टर म्हणतात. "ताब्यातल्या बाईने 'माझी संमती नव्हती' म्हटलं की कोर्टाने आधी ते खरं धरायचं, हे तेव्हा आलं. पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही तेव्हाच."

त्या थांबतात. पदराने मान पुसतात.

"आणि कायदा बदलला तरी मी काय केलं, ते सांगते. माझ्या नोकरीत दोन बोटांची ती तपासणी कितीदा झाली, याचा हिशेब नाही माझ्याजवळ. पोरगी टेबलावर, डॉक्टर बोट घालून पाहतात आणि कागदावर लिहितात, 'सवय असलेली.' मी ट्रे धरून उभी. एकदाही म्हटलं नाही की डॉक्टर, हे कशाला? एक पोरगी माझा हात धरत होती आणि माझ्या हातात ट्रे होता."

याच्यावर बोलायला कोणाकडे काही नाही. मी खाली बघून चीक भरते.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्या किती वाईट होतात यावर अहवाल केला आणि त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की ही तपासणी बाईच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने तपासणीची नवी पद्धत घालून दिली. तरीही २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की ही तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. सिस्टरांना या सगळ्या तारखा तोंडपाठ आहेत. घाण्याला त्या दर वेळी पहिल्या येतात आणि शेवटी जातात. गेल्या पाच वर्षांत तारखेला सोबत जाण्याची सर्वांत जास्त वेळ त्यांच्यावर आली आहे, किंवा त्यांनी ती ओढून घेतली आहे.

*

साडेसातला चहा येतो. पहिल्या कुरड्यांच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या आहेत. वकीलताई कोपऱ्यातल्या सावलीत बसकण मारते आणि एका बाईला जवळ बोलावते. ही बाई आज पहिल्यांदा आली आहे. तिची मुलगी नववीत आहे, मंगळवारी तिची साक्ष. मुलगी घरी आहे, आई आली आहे, आणि आल्यापासून तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवला आहे, प्यायलेला नाही.

वकीलताई रिकामी भांडी गोळा करते आणि प्लॅस्टिकवर कोर्ट मांडते. सगळ्यात मोठा गंज पालथा, ते न्यायाधीश. त्यांच्यापुढे वाटी, ती टाइप करणारी. या बाजूला झारा, सरकारी वकील. त्या बाजूला पळी, आरोपीचा वकील. पेला ती मधोमध ठेवते. "ही तुमची मुलगी." मग एक ताट उचलून पेल्याच्या बाजूला आडवं उभं करते आणि त्यामागे मिठाची पुडी ठेवते. "हा तो. मध्ये पडदा. तिला तो दिसणार नाही. ती लहान आहे, पोक्सो कायदाच सांगतो की साक्षीच्या वेळी मुलीला आरोपी दिसता कामा नये. आत लोक नसतात, दार बंद असतं. तुम्ही तिच्याजवळ बसू शकता."

आई ताटाला हात लावून बघते. खरोखरच हात लावून बघते, घट्ट उभं आहे का ते.

"पानी मागता येते का मधी?" ती विचारते.

"येतं. लघवीला जायचं म्हटलं तरी जाता येतं. प्रश्न समजला नाही तर 'समजला नाही' म्हणायचं, कितीही वेळा."

"अन् ती काय बोलंल, ते सांगून देता का तुम्ही? मी तिच्याकडून पाठ करून घेतो."

"नाही," वकीलताई म्हणते, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच कडक होतो. "ते कोणीच सांगायचं नाही. मी नाही, तुम्ही नाही. जे आठवतं ते तिचं. नाही आठवलं तर नाही आठवत म्हणेल. आपण फक्त खोली दाखवायची."

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत जपण्यासारखी गोष्ट ही आहे. मदत करणारे पुष्कळ वेळा साक्ष शिकवायला जातात, मायेपोटी जातात, आणि उलटतपासणीत नेमकी तीच जागा उसवली जाते. खोली दाखवून ठेवली की मूल खोलीला घाबरत नाही. बोलायचं ते मग ते स्वतः बोलतं.

लहान मुलांसाठी पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी बालकल्याण समितीकडून सहाय्यक व्यक्ती मिळू शकते. मोठ्या बाईला ही सोबत बहुतेक वेळा स्वतःच शोधावी लागते. या डब्याची सुरुवात तशीच झाली. पाच वर्षांपूर्वी आशाताईच्या वस्तीतली एक मजूर बाई तारखेला गेली नाही. सोयाबीनचा हंगाम होता, नवरा म्हणाला रोजी बुडते, सासू म्हणाली एकटी कशी जाशील. दोन समन्स चुकली आणि तिच्याच नावाचं वॉरंट घेऊन पोलीस दारात आले. गावाला वाटलं हिलाच पकडायला आले. आशाताई तिला घेऊन एसटीत बसली, स्वतःच्या पैशाने. परत आल्यावर काकूंना म्हणाली, सरकारी वकील फुकट आहे, पण कोर्टापर्यंतची वाट फुकट नाही.

*

हिशेबाची वही काकूंच्या नातीकडे. ती मला एक पान दाखवते, नाव झाकून. नावाच्या जागी तसंही नाव नाही, एक फूल काढलेलं आहे. दर केसला वेगळं फूल. गुलबक्षीच्या पानावरची एक तारीख अशी: बस, दोघी, जाणं-येणं, १६४ रुपये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, नाहीतर याच्या दुप्पट. रोजी दोघींची, ६००. ऑटो ६०. आलूपोहा आणि चहा ९०. झेरॉक्स २४. एकूण ९३८. शेवटच्या रकान्यात काय झालं ते लिहायचं: 'आरोपीचे वकील आले नाहीत. पुढची तारीख.'

गुलबक्षीच्या अशा अकरा तारखा आहेत. कायद्यात लिहिलं आहे की बलात्काराचा खटला आरोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत संपवावा. हे मी वहीच्या त्या पानाशेजारी बसून लिहिते आहे.

"लोक घेतात का कुरड्या, चिठ्ठी वाचून?" मी विचारते. हा प्रश्न चालतो, कारण तो कोणाच्या केसबद्दल नाही.

"शिक्षक कॉलनीत सगळ्यात जास्त," नात सांगते. "डेपोतले दोन कंडक्टर दर वर्षी पाच-पाच किलो घेतात. एका दुकानदारानं चिठ्ठी काढून टाकली अन् म्हणाला, माल चांगला आहे, पण हे कशाला घरात? आजीनं पाकीट परत घेतलं."

"४०० रुपये किलो," काकू मागून म्हणतात. "चिठ्ठीसकट घ्यायचं."

मग पैशाचाच दुसरा विषय निघतो, आणि तो इथल्या प्रत्येकीला दुखतो. राज्य सरकारची पीडितांसाठीची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पुढे रक्कम वाढून १० लाखांपर्यंत गेली, आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते, आणि बराचसा भाग मुदत ठेवीत ठेवला जातो. हक्काची मदत आहे ती. पण गावात तिचं एकच भाषांतर होतं: पैशासाठी केस केली. माझ्या शेजारी साचा दाबणारीच्या घरासमोर असं बोललं गेलं. म्हणून या डब्यातून कोणाच्याही हातात जाहीरपणे काही दिलं जात नाही, साडी-चोळी नाही, सत्कार नाही, मदतीचा धनादेश देतानाचा फोटो तर नाहीच. तिकीट निघतं, रोजी भरून निघते, आणि बाकावर शेजारी कोणीतरी असतं.

*

नऊ वाजत आले आहेत. शेवटचा गंज. ऊन आता पाठीवर बोलायला लागलं आहे, पण काकूंच्या नातीला एक विचारायचंच आहे. ती वर्ध्याला कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला.

"पण नाव का लपवायचं? लाज त्याला वाटली पाहिजे ना?"

मी तिला सांगते की असं ठरवणाऱ्या बायका आहेत. सोहेला अब्दुलालींनी १९८३ मध्ये 'मानुषी' नियतकालिकात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या छायाचित्रासह लिहिलं. कोलकात्याच्या सुझेट जॉर्डन यांनी २०१३ मध्ये स्वतःहून चेहरा दाखवला. २०१८ च्या डिसेंबरात मुंबईहून निघालेली गरिमा यात्रा दोन महिने देशभर फिरली आणि फेब्रुवारीत दिल्लीला पोचली. तिच्यात अत्याचार सोसलेल्या बायका उघड्या तोंडाने चालत होत्या. वकीलताई भर घालते: नाव छापणं गुन्हा आहे, पूर्वीचं कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पण सज्ञान बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तर चालतं. निवड तिची.

सगळ्या जणी गप्प राहतात आणि मला कळतं की सगळ्या माझ्या शेजारच्या तिच्या बोलण्याची वाट बघत आहेत.

"मी सांगीन," ती म्हणते. साचा खाली ठेवते, सकाळपासून पहिल्यांदाच. "निकाल लागू दे. माह्या लहान बहिणीचं शिक्षण होऊ दे. मंग मी स्वतःच सांगीन, माही सही करून. पन ते मी सांगीन. दुसऱ्यानं माह्या आधी नाही सांगाचं."

नात मान डोलावते. मग साचा उचलून स्वतः दाबायला लागते. तिच्या कुरड्या वेड्यावाकड्या होतात आणि कोणी त्या सरळ करायला जात नाही.

*

दहा वाजता आम्ही खाली येतो. पंख्याखाली, गार फरशीवर. इथला शेवटचा नियम: लिहिलेलं वाचून दाखवायचं. मी वही उघडते आणि आज सकाळपासून तिच्याबद्दल जेवढं लिहिलं ते मोठ्याने वाचते. ती डोळे मिटून ऐकते. मध्ये दोनदा हात वर करते. पहिल्यांदा गावाचा उल्लेख येतो तिथे. मी खोडते. दुसऱ्यांदा तिच्या आत्याबद्दलचं एक वाक्य येतं तिथे. तेही खोडते. त्या वाक्याने माझा लेख चांगला झाला असता. ते तिचं होतं, तिने परत घेतलं.

सलवारीच्या पट्टीशी मी थांबते. "हे ठेवू?"

ती बराच वेळ विचार करते.

"टाका राहू दे," ती म्हणते. "दोऱ्याचे रंग बदल."

मी बदलते. तुम्ही वर वाचलेत ते रंग खरे नाहीत.

वहीच्या नव्या पानावर नात जास्वंदीचं फूल काढते. मंगळवार, साक्ष. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागेल, त्याआधी मिळालेली ही शेवटची तारीख. पहिली एसटी सकाळी सहा चाळीसला. मुलगी, तिची आई आणि सिस्टर. सिस्टर पाण्याच्या दोन बाटल्या नेणार आहेत, एक मुलीसाठी वेगळी. आई आता चहा पिते आहे; तो केव्हाच गार झाला आहे.

स्लॅबवर कुरड्या वाळताहेत, आणखी तीन उन्हं लागतील. पुढचा घाणा येत्या रविवारी.

तुमच्या तालुक्याच्या गावाहून जिल्हा कोर्टाला पहिली एसटी किती वाजता सुटते, तेवढं एकदा स्टँडवर जाऊन बघून ठेवा. आणि कोणाची तारीख असेल त्या दिवशी तिच्याशेजारची एक जागा धरा.